बाटलीतला वळू

मला लोक डॉक्टर म्हणतात. खरं सांगायचं तर मी बारावी नापास. इंग्रजीनं मारला, ते बी दोनदा. पण सत्त्याऐंशी साली चार महिन्यांचा कोर्स केला, डेअरीनं एक नायट्रोजनचा ड्रम आन् एक जुनी राजदूत दिली, आन् निरगुडसरच्या पंचक्रोशीतल्या गाईंना वासरं व्हायला लागली ती माझ्या हातानं. गाय माजावर आली की माणूस सायकल हाणत यायचा, "डॉक्टर, चला लवकर, सकाळधरनं हंबरतीय." मी ड्रममधून वळूच्या बीजाची कांडी काढायची, कोमट पाण्यात अर्धा मिनिट धरायची आन् कोपरापर्यंत हात घालून गाय भरायची. वळू बिचारा कुठं तरी लांबच्या गोठ्यात वैरण खात उभा. त्याला पत्ता बी न्हाई. सगळं नाव सोपानचं, म्हंजे माझं.

ह्या धंद्यात एक लई बरं असतं. कालवड झाली की पेढं मला. गोऱ्हा झाला की शिव्या वळूला. आन् गाय गाभणच ऱ्हायली न्हाई तर दोष गाईचा. हात धुता धुता मी सांगायचो, "भाऊ, गाईतच खोट हाय. मी तरी काय करणार?" मालक मान हलवायचा. गाय काय बोलणार? कांडी मेलेली असंल, नायट्रोजन उडून गेला असंल, माझीच येळ चुकली असंल, असं मी कवा बोललो न्हाई. आन् हेच वाक्य मी घरी बी नेलं.

लगीन झालं एकोणनव्वदला. बायको आळ्याची, छबू. अठरा वर्षांची, कामाला वाघीण, बोलायला मोजकी. पयल्या वर्षी कोण काय म्हणलं न्हाई. दुसऱ्या वर्षी माझी आई, प्रयागबाई, नुसती बघायला लागली. तिसऱ्या वर्षी अंगारे, धागे, ह्या देवाचा नारळ, त्या बाबाचं लिंबू. डेअरीवर दुधाच्या रांगेत माणसं हळूच म्हणायची, "डॉक्टर, एखादी कांडी घरी बी न्या की राव!" मी सगळ्यात मोठ्यानं हसायचो. हसलं की माणसाला वाटतं, ह्याला काय लागत न्हाई. मला लई लागायचं. मंग घरी येऊन मी छबूशी दोन दोन दिवस बोलायचो न्हाई. का, ते तिला बी ठाव न्हाई आन् तवा मला बी न्हाई.

मंग दवाखाने चालू झाले. मंचर झालं, नारायणगाव झालं, पुण्याचे दोन झाले. छबू आत, मी भाईर. कुठल्या दवाखान्याभाईर चहा चांगला मिळतो, ते मला इचारा. मंचरला गवती चहा घालायचा एक जण, झकास! आत छबूच्या नळ्यांचा फोटो काढायचे, त्यात औषध आत सोडतात, लई कळा येतात म्हणे. ती ओरडली की भाईर ऐकू यायचं. मी दुसरा कप सांगायचो. हर एक डॉक्टर शेवटी इचारायचा, "मिस्टरांची तपासणी झाली का?" मी छाती काढून म्हणायचो, "माझं काय तपासता? मी ह्याच लाईनीतला!" डॉक्टर बी हसायचा आन् बायकोचंच पुढचं काय तरी लिहून द्यायचा. मला बरं, त्याला बी बरं. मधी छबू.

सत्त्याण्णव साल उजाडलं तसं आईनं जाहीर केलं, "दिवाळीपर्यंत वाट बघणार. मंग दुसरी करायची." तळेघरच्या अंगाला एक पोरगी तिनं बघून बी ठेवली व्हती. छबूच्या समोरच बोलली. छबू भाकरी थापत व्हती, तिचा हात काय थांबला न्हाई. मी "आई, असं काय बोलती" एवढं तरी म्हणायला पायजे व्हतं. मी ठेचा मागितला.

त्याच साली कुणी तरी जुन्नरच्या डॉक्टर नसीम मॅडमचं नाव सांगितलं. मूल न होणाऱ्या बायांचं त्या खास बघायच्या. माझी त्यांची वळख आधीपासूनची, पण मागच्या दारानं. दवाखान्याच्या मागं त्यांचे भाऊ अमजदभाई यांचा गोठा, आठ जर्शी गाई. तितं मी राजा. चहा, बिस्किट, हात धुवायला गरम पाणी, साबणाची नवी वडी. पुढच्या दारानं गेलो तवा मात्र मी नुसता पेशंटचा नवरा.

मॅडमनं छबूची फायल घेतली. ती चांगली जाडजूड झाली व्हती. पयल्या पानापासून शेवटपर्यंत वाचली, परत मागं वाचत आल्या, आन् चष्मा काढून म्हणल्या, "सोपानभाऊ, ह्यात तुमचा एकही कागद नाही."

"माझा कशाला पायजे मॅडम? मी धडधाकट हाय. आन् लाईनीतलाच हाय की."

"लाईनीतले आहात म्हणून तर विचारते. आमची एखादी गाय तीनदा उलटली, गाभण राहिली नाही, तर तुम्ही कांडी बदलून बघता ना? का गाईलाच टोचत बसता?"

छबू शेजारी बसली व्हती. इतक्या वर्षांत पयल्यांदा कुठल्या तरी डॉक्टरनं तिच्या देखत मला सवाल केला व्हता. ती हसली न्हाई. पदर नीट केला आन् माझ्याकडं बघितलं. असं बघितलं की मी भिंतीवरचं कॅलेंडर वाचायला लागलो.

मॅडमनं एक प्लास्टिकची बाटली माझ्या हातात दिली. "मंगळवारी ह्यात तुमचा नमुना घेऊन या. जुन्नरात कुणाकडे उतरलात तरी चालेल, पण तासाच्या आत माझ्याकडे पोचली पाहिजे. मी स्वतः बघणार. तोवर मी छबूताईंना हात लावणार नाही आणि पुण्याच्या डॉक्टरांनी लिहून दिलेलं ते दुर्बिणीचं ऑपरेशनही थांबवा."

आता पावणं, माणसानं सरळ काय करावं? मी काय केलं ते ऐका. माझ्यासारखं येडं पुन्यांदा ह्या तालुक्यात झालं नसंल.

मंगळवारी छबूला येष्टीनं पुढं धाडलं आन् मी राजदूतवर निघालो. अमजदभाईची गाय माजावर आल्याचा निरोप व्हताच, त्यामुळं कांड्यांचा लहान कॅन मागं बांधलेला. जुन्नरला स्टँडजवळ गाडी लावली. चहावाल्याकडं अर्धा गिलास कोमट पाणी मागितलं. तो म्हणला, "घसा बसलाय का?" म्हणलं, "व्हय, लई बसलाय." आन् गाडीच्या आडोशाला उकिडवा बसून चार कांड्या काढल्या, पाण्यात धरल्या, कातरल्या आन् त्या बाटलीत रिकाम्या केल्या. कांड्या निवडताना बी निष्काळजीपणा न्हाई केला. एक नंबरचा वळू घेतला. त्याच्या लेकी दिवसाला वीस वीस लिटर दूध देतात! म्हणलं, माझ्या नावावर लागणार तर हलका कशाला लावायचा?

बाटली खिशात, उबेला, काळजाजवळ ठेवली आन् दवाखान्यात जाऊन नर्सच्या हातात दिली. छबू बाकड्यावर बसलेली. मी तिच्या शेजारी बसलो ते असा बसलो, जसा काय पेपर सोपा गेलाय.

दहा मिनिटांनी मॅडमनं नर्सला सांगितलं, छबूताईंचं वजन घ्या, ब्लड प्रेशर बघा, सावकाश. आन् मला आत बोलावलं. कोपऱ्यात टेबलावर सूक्ष्मदर्शक. म्हणल्या, "बघा."

मी डोळा लावला. राव, काय सांगू! खच्चून भरलेलं, निम्मं अजून वळवळतंय. चार महिन्यांच्या कोर्सला आमी हेच बघायचो. एक क्षणभर मला खरंच अभिमान वाटला. तोंडातून निघून गेलं, "एक नंबर माल हाय!"

"आहेच," मॅडम म्हणल्या. "फक्त ह्याची डोकी माणसाची नाहीत. आणि मध्ये मध्ये हे जे गोल गोल तरंगतंय ना, तो अंड्याचा बलक आहे. वळूचं बीज बलकात गोठवतात. सोपानभाऊ, मी डॉक्टर नंतर झाले. त्याआधी शाळेतून आल्यावर शेण मीच काढायचे."

मी मान खाली घातली. पायाखालची फरशी लई सोच्छ व्हती, एवढं आठवतंय.

मला वाटलं, आता हसतील. हसल्या न्हाईत. खुर्ची ओढून माझ्या पुढ्यात बसल्या आन् हळू आवाजात म्हणल्या, "हे मी बघितलं नसतं आणि लॅबच्या पोऱ्यानं 'उत्तम' म्हणून लिहून दिलं असतं, तर काय झालं असतं, कळतं तुम्हाला? तुम्ही पास. आणि बाहेर बसलेली ती बाई कायमची नापास. तुमच्या आईच्या हातात तुम्ही कागद दिला असता, दुसरी सून आणायचा."

आठ वर्षांत मी तसल्या कागदाबिगरच काम भागवलं व्हतं.

मंग मॅडमनं नवी बाटली दिली आन् मागच्या खोलीचं दार दाखवलं. तितं भिंतीवर एका गुटगुटीत बाळाचा फोटो. त्या बाळासमोर माझी जी फजिती झाली ती मी सांगणार न्हाई, काय तरी माझ्याकडं ऱ्हाऊ द्या. त्या दिवशी एकदा तपासलं, पुढच्या आठवड्यात परत एकदा. गोठ्यातल्या कामाचा बहाणा करून मी एकटाच गेलो.

"एकही नाही," मॅडम म्हणल्या. "दोन्ही वेळेला शून्य."

मी सतरा वर्षांचा असताना गालगुंड झालं व्हतं, गाल सुजलं आन् खाली बी सूज उतरली व्हती. आईनं कसला तरी लेप लावला व्हता. मॅडम म्हणल्या, त्यानं असू शकतं, नक्की सांगता येत न्हाई, पण औषधानं फरक पडंल असं मला वाटत न्हाई. मी म्हणलं, "मॅडम, एवढं छबूला सांगू नका. पाया पडतो."

"तुमचा रिपोर्ट तुमचा आहे. तुम्ही सांगितल्याशिवाय मी तोंड उघडणार नाही. पण ती माझी पेशंट आहे, तिच्याशी मी खोटंही बोलणार नाही. आजपासून तिला एक गोळी नाही, एक सुई नाही. तिच्यात काही दोष नाही. ती विचारेल, का थांबवलंत. तेव्हा मी म्हणेन, नवऱ्याला विचारा. त्याच्या आत घरी बोला."

घरी येऊन मी बोललो. छबूला म्हणलं, "रिपोर्ट पुण्याला धाडलाय, टाईम लागंल." बघा म्हंजे, खोटं बोलायला मला मिनिट लागलं न्हाई आन् खरं बोलायला एकोणीस दिवस पुरंनात. रोज ठरवायचो, आज सांगू. रोज एखादी गाय माजावर यायची.

विसाव्या दिवशी आईनं न सांगता पावणं बोलावलं. तळेघरच्या पोरीचा चुलता गेणभाऊ आन् त्याच्या संगं दोघं. डोंगरातनं चालत उतरून, मंग येष्टी धरून आलेली माणसं, धोतराला चिखल. गरिबाघरची पोरगी, बाप न्हाई, म्हणून दुसरेपणावर द्यायला तयार. छबूनंच पोहे केले. छबूनंच चहा आणला. ताट घेऊन उभी व्हती, आन् गेणभाऊनं तिच्याकडं हात करून आईला इचारलं, "हिला दावली का डॉक्टरला?"

"समदं केलं बाबा," आई म्हणली. "पुणं झालं, जुन्नर झालं. तिच्यातच खोट हाय."

गेणभाऊनं छबूला वरपासून खालपर्यंत बघितलं. बाजारात बघतात तसं. आन् मान हलवली. अगदी तशीच, जशी माझ्या समोर गाईवालं हलवतात. मला भाईर पळून जावं वाटलं. छबूनं वाकून त्याच्या पुढ्यात चहाची कपबशी ठेवली.

"खोट माझ्यात हाय," मी म्हणलं.

आई म्हणली, "काय बरळतोय ह्यो?"

"बरळत न्हाई. तपासून आलोय. दोनदा. माझ्यात एक बी न्हाई. छबूत काय दोष न्हाई, मॅडमनं सांगितलंय. दुसरी आण न्हाईतर दहावी आण, पाळणा हलणार न्हाई ह्या घरात."

आईनं डोक्याला हात लावला. कुणी काय बोलंना. आन् असं कुणी बोलंना झालं की मला राहवत न्हाई, मला हसवायची खोड. म्हणून मी बाटलीची गोष्ट बी सांगून टाकली. कोमट पाणी, चहावाला, वीस लिटरवाला वळू, बलक, सगळं. गेणभाऊ आधी माझ्याकडं येडा बघावा तसा बघत व्हता. मंग खोकल्यागत हसायला लागला, डोळ्यांतनं पाणी येईपर्यंत हसला. जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणला, "पावणं, बरं बोललासा. आमच्या पोरीचं वाटोळं व्हता व्हता ऱ्हायलं." दारात शेजारपाजार जमलेला. सांजपर्यंत गावभर झालं. चार माणसं येऊन म्हणली, सोपान, लई मोठं मन रे तुझं, असं कबूल करायला जिगर लागती. आन् मी, लाज नसलेला माणूस, ते ऐकून फुललो.

संध्याकाळी धारा काढायला छबू गोठ्यात बसली. मी जाऊन दावणीला टेकून उभा ऱ्हायलो. वाटलं, आता ही रडंल, मंग मी समजूत घालीन. ती धार काढता काढता म्हणली, "एक इचारू?"

"इचार की."

"ज्याला आपलं ठाव नसतं, तो आपलं देतो आन् बघतो काय येतंय ते. तुमी बैलाचं का दिलंत?"

बाटलीच्या गोष्टीवर सगळं गाव हसलं, पण हे कुणी इचारलं न्हाई. मॅडमनं बी न्हाई. तुमी बी इचारलं न्हाई, पावणं. तिनं इचारलं.

मी खोटं बोलू शकलो असतो. आन् चांगलं बोललो असतो, सराव व्हता. पण गाईच्या पोटाला डोकं टेकवून बसलेल्या त्या बाईकडं बघून जीभ उचलंना. म्हणलं, "मला ठाव व्हतं. तीन वर्षं झाली."

चौऱ्याण्णव साली मंचरला आमचं दोन दिवसांचं शिबिर झालं, जुन्या कांड्या तपासायचं. दुपारी सगळं जेवायला गेलं. खोलीत मी एकटा आन् सूक्ष्मदर्शक. मनात काय आलं कुणास ठाव, मी माझंच बघितलं. काय बी न्हाई. मोकळं. भिंग पुसलं, परत बघितलं. वळूची कांडी लावून बघितली, ती दिसली. म्हंजे भिंग चांगलं व्हतं. मी काच धुतली, जाग्यावर ठेवली आन् जेवायला गेलो. शिकरण व्हतं. दोन येळा वाढून घेतलं.

छबूचा हात थांबला. "चौऱ्याण्णव," ती म्हणली. "म्हंजे त्याच्या पुढं तुमी मला पुण्याला नेलं. तितं पिशवी साफ केली. परत नळ्यांचं केलं. मी ओरडत व्हते, तवा तुमाला ठाव व्हतं."

"व्हय."

"तेवीस वर्षांची व्हते मी. तवा सांगितलं असतंत तर ऱ्हायचं का जायचं, ते मी माझं ठरवलं असतं."

मी हात जोडले. तिनं बघितलं बी न्हाई. धार पुरी केली, दूध डेअरीला घालायला दिलं, आईला जेवायला वाढलं, आन् दुसऱ्या दिवशी सकाळच्या येष्टीनं आळ्याला गेली.

अडीच महिने ती माहेरीच व्हती. मी तीनदा आळेफाट्यापर्यंत गेलो आन् तितनंच माघारी फिरलो, सासऱ्यासमोर उभं ऱ्हायची हिंमत न्हाई. मंग एक दिवस तिची तीच आली, पिशवी घेऊन. का आली, मी इचारलं न्हाई. इचारलं आन् तिनं खरं सांगितलं तर? ती आल्यावर नसीम मॅडमनं आमाला दोघांना बसवून सांगितलं, पुण्याला दात्याचं बीज मिळतं, मूल छबूच्या पोटचं होईल. मी एका दमात तयार. म्हणलं, हा तर आपला धंदाच हाय, मॅडम! छबू म्हणली, "मला नको. माझ्या अंगाला आता कुणी काय लावायचं न्हाई." मॅडमनं दोनदा इचारलं न्हाई. फायल मिटली आन् तिच्याच हातात दिली. आमाला मूल न्हाई, ते असं.

पुढं मात्र माझी वेगळीच ड्युटी लागली. जुन्नरात कुणाचा नवरा तपासणीला तयार नसला की मॅडम म्हणायच्या, "एकदा निरगुडसरला जा, सोपानभाऊंकडे चहा पिऊन या." अशी कैक जोडपी आमच्या ओट्यावर येऊन गेली. मी बाटलीची गोष्ट सांगायचो. हात करून, वळूचं तोंड करून. नवरा हसून हसून बेजार व्हायचा, भ्या निघून जायचं, आन् दुसऱ्या दिवशी गुमान जाऊन बाटली द्यायचा. मॅडम म्हणायच्या, तुमच्या इतका गुण माझ्या औषधाला नाही. छबू सगळ्यांना चहा द्यायची. आन् मी "एक नंबरचा वळू घेतला" म्हणलं की उठून आत जायची. हर खेपेला, त्याच जागी. मला दिसायचं. मी पुढं सांगत बसायचो. गोष्ट रंगात आलेली असायची ना.

दोन हजार सातला एक जोडपं आलं, सुदर्शन आन् हर्षाली. कळंबचं टोमॅटोवालं घर, पोरगा मोटारसायकलवर ऐटीत, पोरगी मान खाली घालून. तिचं एक ऑपरेशन झालेलं, दुसरं ठरलेलं. मी आपली गोष्ट चालू केली. सुदर्शन लई हसला, मांडीवर थापा मारायला लागला. छबू आत गेली. मंग डोळे पुसत तो मला बाजूला घेऊन, हळूच पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणला, "अण्णा, मी तपासतो. पण आधी माझा मी एकटाच बघतो. हिला कशाला सांगायचं? आलं वाईट तर बघू काय करायचं ते."

हर्षाली ओट्यावर बसली व्हती. ती बांगड्या मागं सारत ऱ्हायली.

दहा वर्षं मी लोकांना अर्धीच गोष्ट सांगत आलो व्हतो. हसायची तेवढी. आन् हा पोरगा त्यातनं काय शिकून चालला व्हता, ते माझ्या डोळ्यासमोर उभं. मी म्हणलं, "बस खाली. अजून संपली न्हाई." आन् तिच्या देखत सांगायला लागलो. शिबिर. मोकळी खोली. भिंग पुसून परत बघितलं, ते. शिकरण खाल्लं, ते बी. ह्या वेळी हात केले न्हाईत, तोंड वाकडं केलं न्हाई. सुदर्शनचं हसू गेलं. छबू कवा दारात येऊन उभी ऱ्हायली, मला कळलं न्हाई.

"आन् त्याच्या पुढं," मी म्हणलं, "सगळं ठाव असून, मी हिला पुण्याला दोनदा..."

"तीनदा," छबू म्हणली.

मी तिच्याकडं बघितलं. ती उंबरा वलांडून भाईर आली आन् हर्षालीच्या शेजारी ओट्यावर बसली.

"तीनदा," ती त्या पोरीला म्हणली. "तिसऱ्या खेपेला हे भाईर चहा पीत व्हते, ह्यांना त्यातलं काय ठाव न्हाई. मी सांगते."

पुढचं सगळं तिनं सांगितलं.